शिक्षण संपवून मुले पुन्हा आईवडिलांच्या घरी: कारणे, कायदा आणि घरातला हिशेब

वसतिगृह सुटते, पदवी हातात येते, आणि बाहेर खोली घेण्याऐवजी मुलगा किंवा मुलगी सामान घेऊन घरी परत येते. ‘नोकरी लागेपर्यंत’ म्हणून सुरू झालेला हा मुक्काम कधी दोन-चार महिन्यांत संपतो, तर कधी दोन-चार वर्षे चालतो. मीरा-भाईंदरमधल्या वरसावेसारख्या भागात, जिथे घर लहान आणि मुंबईतले भाडे आवाक्याबाहेर असते, तिथे हा निर्णय भावनेपेक्षा हिशेबाचा असतो. अशा परतण्याची कारणे काय, सज्ञान मुलांचा आईवडिलांच्या घरावर हक्क असतो का, आणि घरात कोणत्या गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात, याविषयी.

‘परत येणे’ म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्रात लग्नाआधी मुलांनी आईवडिलांकडे राहणे ही सर्वसाधारण रीत आहे. त्यामुळे जवळच्या कॉलेजात शिकून घरीच राहिलेल्या मुलांबद्दल कोणी वेगळे बोलत नाही. इथे विषय आहे तो शिक्षणासाठी घर सोडून तीन-चार वर्षे स्वतःच्या वेळापत्रकाने जगलेल्या आणि पुन्हा आईवडिलांच्या घरात आलेल्या मुलांचा. मधल्या काळात दोन्ही बाजू बदललेल्या असतात. मुलाला रात्री एकला जेवायची सवय लागलेली असते. आईवडिलांनी त्याचा पलंग काढून तिथे शिलाई मशीन किंवा पूजेचा कोपरा केलेला असतो.

मराठीत घर सोडण्यासाठी शब्द भरपूर आहेत. मुलगी सासरी जाते, मुलगा वेगळी चूल मांडतो, भाऊ वेगळे निघतात. या सगळ्यांच्या मुळाशी लग्न किंवा वाटणी आहे. अविवाहित, शिकलेला, सज्ञान माणूस घर सोडून पुन्हा परत येतो या अवस्थेला मात्र आपल्याकडे रूढ शब्द नाही. जनगणनेतही कुटुंब ठरते ते सामाईक स्वयंपाकघरावरून. एका चुलीवर जेवणारे सगळे एकच कुटुंब. त्यामुळे कधीच बाहेर न गेलेला मुलगा आणि बाहेर जाऊन परत आलेला मुलगा या व्याख्येत एकसारखेच दिसतात. घरात मात्र दोघांची परिस्थिती सारखी नसते.

वरसावे आणि आसपास हा प्रश्न कसा दिसतो?

वरसावे म्हणजे अंधेरीजवळचे वर्सोवा नव्हे. ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गाला मिळतो, तिथला हा परिसर. पुढे वसई खाडीवरचा पूल आहे. त्याच्या शेजारी बांधलेला नवा पूल २०२३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल. रेल्वे स्थानक इथे नाही. लोकल पकडायची तर मीरा रोडला जावे लागते, आणि ठाण्याला जायचे तर घोडबंदर रस्त्यावरची कोंडी गृहीत धरूनच निघावे लागते.

हा सगळा भाग मीरा-भाईंदर महापालिकेत येतो. महापालिका स्थापन झाली २००२ मध्ये. त्याआधी इथे नगरपरिषद होती. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजारांवर आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक झालेली ही वाढ मुख्यतः बाहेरून आलेल्या कुटुंबांची आहे. गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या एका खोलीत वाढलेल्या अनेकांनी लग्नानंतर जागा पुरेना म्हणून उत्तरेकडचा रस्ता धरला. बोरिवली-दहिसर परवडले नाही त्यांनी मीरा रोड-भाईंदर गाठले. आज ज्यांची मुले पदवी घेऊन परत येत आहेत ते हेच आईवडील. त्यांनी तरुणपणी आपल्या आईवडिलांचे घर सोडले ते जागेसाठी, आणि तेव्हा कर्ज काढून का होईना, लोकलच्या अंतरावर घर मिळत होते. आता त्यांच्या मुलांना तसेच पुढे सरकायचे असेल तर वसई-विरारच्या पलीकडे पाहावे लागते.

इथल्या जुन्या गावठाणातल्या कुटुंबांची गोष्ट थोडी निराळी आहे. घर स्वतःचे, अंगण स्वतःचे. मुलगा मोठा झाला की मागे एक खोली वाढवायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. पण राष्ट्रीय उद्यानाभोवती २०१६ मध्ये पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले आणि त्या पट्ट्यात नव्या बांधकामावर मर्यादा आल्या. फ्लॅटमध्ये तर खोली वाढवण्याचा प्रश्नच नाही. दोन्हीकडे परत येणाऱ्या मुलाला आहे त्याच जागेत सामावून घ्यावे लागते.

पूर्वी असे होत नव्हते का?

होत होते, पण वेगळ्या कारणांनी. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या खोल्यांची भाडी गोठली. नंतर त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याने घेतली. या कायद्यांत एक तरतूद महत्त्वाची आहे. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळू शकतो. म्हणजे खोली टिकवायची तर कोणीतरी मुलगा त्याच खोलीत राहत असला पाहिजे. दहा बाय बाराच्या खोलीत दोन-तीन पिढ्या का राहिल्या, याचे एक उत्तर या कलमात आहे. त्या दाटीत नवविवाहितांची होणारी कुचंबणा १९७० च्या ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटाचा विषय झाली.

दुसरे कारण नोकरीचे. ‘सुशिक्षित बेकार’ हा शब्द महाराष्ट्रात अनेक दशके जुना आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर बापाच्या जागी मुलगा गिरणीत लागण्याची वाटही बंद होत गेली. कमावता बाप घरी बसला आणि वाढलेली मुलेही घरीच राहिली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकातले लालबागचे कुटुंब याच अवस्थेतले आहे.

आजचा फरक असा की मुले दरम्यान घराबाहेर राहून आलेली असतात, त्यांच्या शिक्षणावर मोठी रक्कम खर्च झालेली असते, आणि ‘आता याला पगार सुरू होईल’ ही अपेक्षा त्या खर्चाच्या प्रमाणात वाढलेली असते.

मुले परत का येतात?

*नोकरी लगेच मिळत नाही.* केंद्राच्या नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशातला एकूण बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, पण १५ ते २९ वयोगटात तो १०.२ टक्के होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्थेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालाने आणखी एक गोष्ट दाखवली. २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. याचा अर्थ शिक्षणाने नुकसान होते असा नाही. ज्याच्यामागे घर आहे तो पदवीधर मिळेल ते काम घेण्याऐवजी योग्य कामाची वाट पाहतो. ज्याच्यामागे कोणी नाही त्याला वाट पाहणे परवडतच नाही. वाट पाहण्याचा हा खर्च आईवडिलांचे घर उचलते.

*पहिला पगार आणि भाडे यांचा मेळ बसत नाही.* मुंबईत घर भाड्याने घ्यायचे तर महिन्याच्या भाड्याखेरीज काही महिन्यांचे डिपॉझिट, दलाली आणि कराराची नोंदणी असा एकरकमी खर्च येतो. करार साधारण अकरा महिन्यांचा. त्यानंतर भाडेवाढ किंवा घर बदलणे. त्यात अनेक सोसायट्या अविवाहितांना, विशेषतः मुलग्यांना, घर द्यायला का-कू करतात.

*स्पर्धा परीक्षा.* पुण्यातल्या पेठांमध्ये खोली आणि अभ्यासिका घेऊन तयारी करणारे हजारो विद्यार्थी दोन-तीन प्रयत्नांनंतर घरी परततात आणि तिथून अभ्यास चालू ठेवतात. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. त्यामुळे ‘आणखी एक प्रयत्न’ कायद्याने बराच काळ शक्य असतो. थांबायचे केव्हा, हे घरातच ठरवावे लागते.

*शैक्षणिक कर्ज.* बहुतेक बँकांत अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभरात हप्ता सुरू होतो, नोकरी असो वा नसो. या कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ता थकला तर दोघांचीही पत खराब होते. भाडे वाचवून हप्ता भरणे हे परतण्याचे अगदी व्यवहारी कारण आहे.

*आजारपण आणि आधार.* आईवडिलांपैकी कोणाची शस्त्रक्रिया, वडिलांची निवृत्ती, धाकट्या भावंडाची बारावी, अशा कारणांनीही मुले परत येतात. बोलताना आपण मुले आईवडिलांवर अवलंबून असल्याचे म्हणतो. कित्येक घरांत आधार उलट्या बाजूने दिला जात असतो.

*कोरोनाचा काळ.* २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. वसतिगृहे रिकामी झाली आणि लाखो विद्यार्थी आणि नवे नोकरदार घरी आले. घरून काम करता येते हे कळल्यावर काहींनी खोल्या सोडल्या त्या कायमच्याच.

इतर देशांत काय दिसते?

ही एकट्या मुंबईची अडचण नाही. अमेरिकेत अशा मुलांना ‘बूमरँग’ पिढी म्हणतात. प्यू रिसर्च सेंटरने केलेल्या विश्लेषणानुसार जुलै २०२० मध्ये तिथल्या १८ ते २९ वयोगटातले ५२ टक्के तरुण आईवडिलांपैकी किमान एकाबरोबर राहत होते. युरोपीय संघात २०२२ मध्ये घर सोडण्याचे सरासरी वय २६.४ वर्षे होते. फिनलंडमध्ये ते २१.३, तर क्रोएशियात ३३.४. जपानमध्ये समाजशास्त्रज्ञ मासाहिरो यामादा यांनी नव्वदच्या दशकात आईवडिलांकडे राहणाऱ्या अविवाहित नोकरदारांना ‘पॅरासाइट सिंगल’, म्हणजे बांडगुळासारखे अविवाहित, असे नाव दिले. इटलीत २००७ मध्ये अर्थमंत्र्यांनीच अशा तरुणांना ‘मोठी बाळे’ अशा अर्थाच्या शब्दाने डिवचले, आणि त्यावर बराच गदारोळ झाला.

या नावांमध्ये दोष तरुणांच्या स्वभावाला दिलेला आहे. आकडे मात्र देशागणिक बदलतात. माणसांचा आळस एका देशात २१ व्या वर्षी संपतो आणि दुसऱ्या देशात ३३ व्या वर्षी, असे होत नाही. फरक पडतो तो घरभाडे, नोकऱ्यांची शाश्वती, विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत आणि कुटुंबाच्या रूढी यांमुळे.

पैशाचा हिशेब कसा मांडायचा?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुलीला पहिल्या नोकरीत हातात २५,००० रुपये मिळतात. कामाचे ठिकाण अंधेरीत आहे आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता ५,००० रुपये आहे.

ती कामाजवळ तिघींत खोली घेऊन राहिली तर: भाड्याचा वाटा ९,०००, जेवण-वीज-गॅस ६,५००, प्रवास १,०००, हप्ता ५,०००, स्वतःचा खर्च ३,५००. शिल्लक शून्य.

ती घरी राहिली तर: घरखर्चाला ६,०००, प्रवास २,०००, हप्ता ५,०००, स्वतःचा खर्च ४,०००. शिल्लक ८,०००. वर्षाला ९६,०००.

पहिल्या पर्यायात ती एक दुखणे किंवा एक नोकरी जाण्याच्या अंतरावर अडचणीत आहे. दुसऱ्यात वर्षभरात तिच्याकडे डिपॉझिटपुरते पैसे जमतात. मात्र दुसऱ्या पर्यायाची किंमत वेळेत मोजावी लागते. बस, लोकल आणि पुन्हा बस यांत रोजचे तीन-चार तास गेले तर नवे काही शिकायला किंवा चांगली नोकरी शोधायला ताकद उरत नाही. हिशेबात हे तासही धरायला हवेत.

आईवडिलांच्या बाजूचा हिशेब वेगळा असतो आणि तो सहसा मांडलाच जात नाही. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांची निवृत्ती ५८ व्या वर्षी होते. खासगी नोकरीतल्या निवृत्तिवेतन योजनेतून मिळणारी रक्कम बहुधा तुटपुंजी असते. पन्नाशीच्या पुढची शेवटची सात-आठ वर्षे ही म्हातारपणासाठी साठवण्याची असतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत मुलाचा मुक्काम, कर्जाचा हप्ता आणि कधी लग्नाचा खर्च येतो. ‘मुलांकडून पैसे कसले घ्यायचे’ असे म्हणणारे आईवडील अनेकदा मुदत ठेव मोडून तो भार उचलत असतात, आणि मुलांना ते ठाऊक नसते.

दोन बारीक पण उपयोगी गोष्टी. घर आई किंवा वडिलांच्या नावावर असेल आणि मुलगा खरोखर दरमहा भाडे देत असेल, तर जुन्या करप्रणालीत त्याला घरभाडे भत्त्यावर सवलत घेता येते. भाडे बँकेतून द्यावे, करार करावा, आणि आईवडिलांनी ते उत्पन्न आपल्या विवरणपत्रात दाखवावे. नव्या करप्रणालीत ही सवलत नाही. दुसरी गोष्ट आरोग्य विम्याची. कुटुंबाच्या एकत्रित विम्यात मुले साधारण २५ वर्षांपर्यंतच अवलंबित म्हणून धरली जातात. घरी राहतो म्हणून विमा आहेच, असे समजू नये.

घरातले वाढलेले काम कोण करते?

हा प्रश्न पैशांइतकाच खरा आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातल्या विनामोबदला कामावर स्त्रिया दिवसाला सुमारे २८९ मिनिटे घालवतात, पुरुष सुमारे ८८ मिनिटे. घरी एक माणूस वाढला की डबा, कपडे, वेगवेगळ्या वेळची जेवणे हा भार यातल्या मोठ्या आकड्यात मिळवला जातो. मुलगा परत आला तर आईचे काम वाढते. मुलगी परत आली तर बहुतेक घरांत आईचे काम तिच्याशी वाटले जाते, मग ती नोकरी करत असली तरी.

मुलीच्या परतण्याला आणखी एक बाजू आहे. मुलगा घरी असेल तर नातेवाईक विचारतात, ‘कुठे लागला का?’ मुलगी असेल तर विचारतात, ‘बघताय का कुठे?’ एकाच घरातल्या दोन पदवीधरांना मुक्कामाची वेगवेगळी मुदत दिली जाते. मुलाची मुदत नोकरीवर ठरते, मुलीची स्थळावर. तिला नोकरी, शिक्षण किंवा परीक्षा यांसाठी वेळ हवा असेल, तर तो किती, हे आल्या-आल्याच स्पष्ट बोललेले बरे.

कायदा काय म्हणतो?

सज्ञान म्हणजे १८ वर्षे पूर्ण झालेले मूल. त्याचा आईवडिलांच्या घरात राहण्याचा हक्क घर कोणाचे आणि कसे मिळालेले, यावर अवलंबून असतो.

१. आईवडिलांनी स्वतः घेतलेले घर. कमाईतून घेतलेला फ्लॅट ही स्वकष्टार्जित मालमत्ता. ते हयात असताना मुलांना तिच्यावर जन्मजात हक्क नसतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले की मुलगा विवाहित असो वा अविवाहित, आईवडिलांच्या स्वतःच्या घरात तो त्यांच्या मर्जीनेच राहू शकतो. संबंध चांगले होते तेव्हा राहू दिले, म्हणून ते आयुष्यभर राहू देण्यास बांधील होत नाहीत.

२. वडिलोपार्जित मालमत्ता. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित घरात किंवा जमिनीत मुलांना जन्माने वाटा असतो. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना सहदायाद मानण्याची दुरुस्ती केली होती. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती देशभर लागू झाली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क बाधित होत नाही. गावठाणातल्या जुन्या घरांबाबत हा मुद्दा कळीचा ठरतो.

३. मुलीचे संरक्षण. अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल, तर हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार ती सज्ञान झाल्यावरही निर्वाह मागू शकते. मुलाला हा हक्क सज्ञान होईपर्यंतच असतो. शिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा फक्त पत्नीपुरता नाही. रक्ताच्या नात्याने एका घरात राहणाऱ्या स्त्रीलाही तो संरक्षण देतो.

४. आईवडिलांचे संरक्षण. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७ महाराष्ट्रात २००९ पासून लागू आहे. मुले सांभाळत नसतील तर आईवडील उपविभागीय अधिकाऱ्यासमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकतात. मीरा-भाईंदर ठाणे तालुक्यात असल्याने इथला अर्ज ठाण्याला जातो. दरमहा कमाल १०,००० रुपये निर्वाह मंजूर होऊ शकतो. त्रास देणाऱ्या सज्ञान मुलाला घराबाहेर काढण्याचे आदेशही या कायद्याखाली दिले गेले आहेत, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असा आदेश कायम ठेवला. पण हे आपोआप होत नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात मुलाला बाहेर काढण्यास नकार दिला. सून त्या घरात राहत असेल तर तिच्या निवासाच्या हक्काचाही विचार करावा लागतो, असे न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले आहे.

५. बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीखर्च वेगळा. त्यामुळे ‘कर्ज मिळायला सोपे जाईल’ म्हणून घर मुलाच्या नावावर करणे फार सहज होते. एकदा बक्षीसपत्र झाले की मालक बदलतो आणि आईवडील त्याच घरात मुलाच्या मर्जीने राहू लागतात. २००७ च्या कायद्याचे कलम २३ यावर उपाय देते. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलाने अट पाळली नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये या कलमाचा उदार अर्थ लावला. तरीही अट बक्षीसपत्रातच लिहिलेली असणे सर्वांत सुरक्षित.

६. नामनिर्देशन. सोसायटीत मुलाचे नाव नॉमिनी म्हणून दिले म्हणजे तो मालक होत नाही. मालकी मृत्युपत्रावरून किंवा वारसा कायद्यावरून ठरते. घरी राहून सेवा करणारा मुलगा आणि परदेशी असलेली मुलगी यांच्यातले वाद बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात.

या सगळ्याचा सारांश असा: परत आलेले सज्ञान मूल आईवडिलांच्या स्वकष्टाच्या घरात हक्काने नव्हे, तर परवानगीने राहत असते. ही गोष्ट दोघांनाही माहीत असली की बोलणे सोपे होते.

घरात आधी काय ठरवावे?

परत आल्यानंतर पहिल्या महिनाभरातच पुढील गोष्टी बोलून घ्याव्यात. लिहून ठेवल्या तर अधिक चांगले.

- मुदत. ‘सेटल होईपर्यंत’ ही मुदत नव्हे. ‘पुढच्या मे महिन्यापर्यंत, मग पुन्हा बोलू’ ही मुदत. स्पर्धा परीक्षा असेल तर किती प्रयत्न आणि त्यानंतर काय, हेही.
- घरखर्चाचा वाटा. पगार असेल तर ठराविक रक्कम ठराविक तारखेला. पगार नसेल तर कामाचा वाटा: बाजार, बिले, आजोबांना दवाखान्यात नेणे.
- मोठे खर्च. मुलाने घराच्या कर्जाचा हप्ता भरला, फ्लॅटच्या दुरुस्तीला पैसे दिले, तर ती मदत की उसने? दुसरी भावंडे असतील तर हे त्यांच्यासमोर ठरवावे. पैसे बँकेतून द्यावेत म्हणजे नोंद राहते.
- जागा. एका बेडरूमच्या घरात स्वतंत्र खोली शक्य नसते. पण एक कपाट, एक टेबल आणि दिवसातले काही निवांत तास तरी ठरवता येतात. घरून काम असेल तर टीव्हीची वेळही.
- येण्याजाण्याची वेळ. सज्ञान माणसाला परवानगी लागत नाही, पण ‘उशीर होईल, जेवायला थांबू नका’ असा निरोप लागतो. हा नियम मुलगा आणि मुलगी दोघांना सारखाच हवा.
- आईवडिलांची जमाखर्चाची वही. निवृत्तीसाठी किती आहे, कर्ज किती उरले, विमा कुठला, हे मुलांना सांगावे. मूल मोठे झाले म्हणून घरी राहते, तर त्याला घराचा हिशेबही मोठ्यासारखाच दाखवायला हवा.

नोकरी शोधण्याच्या काळात रिकामे बसण्यापेक्षा अल्प मानधनाचा अनुभव बरा पडतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते. बारावी उत्तीर्णांसाठी ते ६,००० आणि आयटीआय किंवा पदविकाधारकांसाठी ८,००० होते.

केव्हा सावध व्हावे?

बहुतेक घरांत कुरबुरी होतात आणि मिटतात. काही खुणा मात्र वेगळ्या असतात. मूल आठवडेच्या आठवडे खोलीबाहेर येत नाही, अर्ज करणे थांबवते, झोप पूर्ण उलटी होते, ‘मी ओझे आहे’ असे बोलू लागते. अशा वेळी ‘जरा मन घट्ट कर’ हा सल्ला पुरत नाही. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो निःशुल्क आहे आणि मराठीतही बोलता येते. उलट बाजूने, घर नावावर करण्यासाठी दबाव, पेन्शन काढून घेणे, शिवीगाळ असे प्रकार होत असतील तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

मग परत येणे चांगले की वाईट?

दोन्ही उत्तरे त्या-त्या घरासाठी खरी असू शकतात. वरसाव्यात राहून अंधेरीत किंवा ठाण्यात नोकरी करणाऱ्यासाठी घरी राहणे हा बहुधा सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे, आणि त्यात अपयश काहीच नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा मुक्कामाची मुदत, खर्चाचा वाटा आणि घराची मालकी या तीन गोष्टी ‘आपल्याच घरात काय बोलायचे’ म्हणून न बोललेल्या राहतात. मुलगा समजतो घर पुढे आपलेच आहे. आई समजते तो लवकरच जाईल. वडील समजतात तो म्हातारपणी इथेच असेल. तिघेही एकमेकांच्या भल्यासाठीच गप्प असतात. पाच वर्षांनी तेच मौन न्यायाधिकरणाच्या अर्जात लेखी उतरते. त्यापेक्षा पहिल्या महिन्यात जेवणाच्या ताटावर झालेले थोडे अवघड बोलणे स्वस्त पडते.